बाबांची डिक्री

आमच्या घरात कपाटाच्या खालच्या खणात एक डिक्री आहे, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा हुकूम. कोर्टाचा शिक्का असलेली नकल, कडा पिवळ्या पडलेल्या, घडीवर फाटत आलेली. बाबांनी ती नऊ वर्षं भांडून मिळवली आणि तिच्यावर एक रुपयासुद्धा वसूल झाला नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेळगावच्या उद्यमबागेत बाबांचं दोन लेथचं वर्कशॉप होतं, हुबळीच्या एका पार्टीला त्यांनी शाफ्ट आणि बुश करून दिले आणि एक लाख साठ हजार अडकले. फोन झाले, दोनदा बसनं जाऊन आले, मग कोणीतरी सांगितलं म्हणून वकिलाकडं गेले, वकीलपत्रावर सही केली आणि तारखा सुरू झाल्या. समोरच्याची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, यायलाच वर्ष गेलं, मग मुद्दे निघाले, मग साक्षी, मग जज्जसाहेबांची बदली. तारखेदिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरवरनं चन्नम्मा सर्कलकडं कोर्टात जायचे आणि शॉप एका पोराच्या भरवशावर असायचं, दुपारी परत आले की आई विचारायची काय झालं, ते म्हणायचे पुढची तारीख. निकाल आपल्या बाजूनं लागला त्या दिवशी गल्लीत पेढे वाटलेले मला आठवतात. मग वसुलीची दरखास्त टाकली तेव्हा कळालं की फर्म कधीच बंद झालीय, मशिनरी बँकेनं ओढून नेलीय आणि पार्टनर गाव सोडून गेलेत.

बाबा नंतर फार बोलले नाहीत त्यावर. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते एवढंच एकदा म्हणाले, आणि मी ते वाक्य वीस वर्षं जसंच्या तसं धरून धंदा केला. कोणी पन्नास हजार बुडवले तर सोडून दिले, कोणी ऐंशी बुडवले तर त्याला माल देणं बंद केलं. वकील म्हणजे घर पेटल्यावर बोलवायचा माणूस आणि तोही अर्धं घर घेऊन जाणार, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आज हे लिहायला बसलोय कारण दीड वर्षापूर्वी ते डोक्यातनं निघालं आणि आमच्या एरियात माझ्यासारखे बरेच आहेत ज्यांच्या डोक्यात ते अजून आहे.

झालं असं की कोल्हापूरकडची एक कंपनी, नाव घेत नाही, आमचं तीसेक टक्के काम त्यांचं, हायड्रॉलिक सिलिंडरचे पार्ट मशिनिंग करून आम्ही देतो. सात वर्षं पेमेंट मागंपुढं झालं तरी यायचं. मग एका वर्षी थांबलं. पहिल्यांदा म्हणाले मार्चनंतर, मग म्हणाले मोठ्या साहेबांची सही राहिलीय, मग फोन उचलणं बंद. अकरा लाख चाळीस हजार. त्यावरचा जीएसटी मी बिल फाडलं त्याच्या पुढच्याच महिन्यात भरलेला, म्हणजे न मिळालेल्या पैशाचा टॅक्स खिशातनं गेलेला, बँकेत सीसी लिमिट, म्हणजे धंद्याला उचलायच्या कर्जाची मर्यादा, टोकाला, आणि शॉपमधल्या पोरांचा पगार सात तारखेला असतो तो असतोच.

पहिल्यांदा ज्या वकिलांकडं गेलो त्यांनी फाईल न उघडताच सांगितलं की फोडून काढू त्यांना, क्रिमिनल पण टाकू, सिव्हिल पण टाकू, एकरकमी एवढे द्या. मला त्या क्षणी ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू, राग आलेला होता. पण आकडा ऐकून मी विचार करतो म्हणून उठलो आणि जिना उतरताना मला बाबांचा इस्त्रीचा शर्ट आठवला.

वकील मॅडमचं नाव आमच्या सीएनं सुचवलं. बैलहोंगलकडच्या, घरी कन्नड, आमच्याशी मात्र अस्सल बेळगावी मराठीत बोलतात. ऑफिस छोटं. मी माझी सगळी कहाणी सांगितली, आवाज चढवून सांगितली, त्यांनी पाच मिनिटं मधे न बोलता ऐकलं आणि मग एक कोरा कागद पुढं ओढून विचारलं, "तुम्हाला नक्की काय पाहिजे वो?"

मी म्हटलं पैसे पाहिजेत, दुसरं काय.

"सगळे पाहिजेत का लवकर पाहिजेत? त्यांना धडा शिकवायचाय का? का पुढं पण त्यांचं काम पाहिजे?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कोणी विचारलंच नव्हतं असं, बाबांना पण कोणी विचारलं नसणार. मॅडमनी मग त्या कागदावर हिशोब मांडला, माझ्या सीसीचं व्याज किती, अकरा टक्के, म्हणजे या अडकलेल्या रकमेवर महिन्याला जवळजवळ साडेदहा हजार नुसतं व्याज जातंय. हे काम गेलं तर तीस टक्के धंदा गेला, तो परत उभा करायला किती महिने लागतील ते तुम्ही सांगा. दावा लावला तर कोर्ट फी, माझी फी, तुमचे दिवस. कागदाच्या खाली त्यांनी लिहिलं, सहा महिन्यांत दहा लाख, किंवा पाच वर्षांनी कदाचित सगळे. आणि कागद माझ्याकडं फिरवून म्हणाल्या, धंदा तुमचा आहे, ठरवायचं तुम्ही, मी फक्त रस्ते दाखवते आणि प्रत्येक रस्त्याचं भाडं सांगते.

त्यांची फी पण त्याच दिवशी लिहून मिळाली, टप्प्याटप्प्यानं. कागद तपासणं आणि पत्र, पाच हजार. मध्यस्थी, पंचवीस हजार. त्यापुढं दावा लावायची वेळ आली तर वेगळा आकडा, आणि ज्या टप्प्यापर्यंत जाऊ तेवढेच द्यायचे. मी म्हटलं मॅडम त्यापेक्षा वसुलीवर टक्का घ्या की, जेवढे येतील त्याचे दहा टक्के, तुम्हाला पण बरं. त्या सरळ नाही म्हणाल्या, बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, निकालावर ठरणारी फी वकिलानं ठरवायची नसते. धंद्यात आपण कमिशनवर सगळं करतो त्यामुळं मला ते पहिल्यांदा विचित्र वाटलं, पण नंतर पटलं, कारण टक्का असता तर त्यांना पण रक्कम मोठी करण्यातच रस राहिला असता आणि माझं गिऱ्हाईक टिकावं यात कुणालाच रस राहिला नसता.

मग घरी जाऊन मी आणि माझ्या पुतणीनं दोन रविवार बसून फाईल लावली. मॅडमनी सांगितलेलं, जे काम तुम्ही स्वतः करू शकता ते माझ्या वेळेत करून घेऊ नका. पर्चेस ऑर्डर, त्याला लागून माल पाठवल्याचं चलन, चलनाला लागून बिल, बिलाला लागून ई-वे बिल म्हणजे माल गाडीतनं न्यायचा जीएसटीचा कागद, माल मिळाल्याची सही कुठं आहे, कुठं नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्या स्टोअरवाल्यानं 'माल पोचला' लिहिलेलं असेल तर त्याची प्रिंट, आणि सगळ्यावर तारखेप्रमाणे नंबर. हे करताना आम्हाला चार बिलांवर सहीच सापडली नाही. आणि अजून एक गोष्ट सापडली जी मी मॅडमना सांगितली नव्हती, त्यांच्या क्वालिटीवाल्याचा एक ईमेल, की एका लॉटमधले बासष्ट पीस बोअरमधे, म्हणजे आतल्या भोकात, ओव्हरसाईज आहेत, रिजेक्ट. तो ईमेल मी तेव्हा वाचला होता, चिडलो होतो आणि उत्तर दिलं नव्हतं. वकिलाला सांगितलं तर केस कमजोर होईल म्हणून गप्प बसलेलो. ते चुकलंच माझं. मॅडमनी तो वाचला आणि एवढंच म्हणाल्या, हा समोरच्यानं कोर्टात काढला असता आणि मला पहिल्यांदा तिथं कळालं असतं तर काय केलं असतं मी?

आता थोडं कायद्याचं, कारण हे मला चाळीशीत कळालं आणि पंचविशीत कळायला पाहिजे होतं.

आमच्याकडं निम्मं गिऱ्हाईक हायवेच्या पलीकडचं, कोगनोळी नाका ओलांडला की राज्य बदलतं, कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली, इचलकरंजी. आणि सगळ्यांची समजूत अशी की पार्टी महाराष्ट्रातली म्हणजे कोर्ट पण महाराष्ट्रातलं, तिथला वकील, तिथल्या तारखा, त्यापेक्षा गेलेले पैसे परवडले. हे सरसकट खरं नाही. २००६ चा एमएसएमई कायदा आहे, छोट्या उद्योगांसाठीचा, त्यात मायक्रो किंवा स्मॉल युनिटचं पेमेंट लेखी ठरलेल्या मुदतीत द्यायचं, ती मुदत पंचेचाळीस दिवसांच्या वर नेता येत नाही, काहीच ठरलं नसेल तर पंधरा दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आणि तक्रार घेणारी जी फॅसिलिटेशन कौन्सिल आहे ती माल देणाऱ्याच्या राज्यातली चालते, घेणारा देशात कुठंही असो. तिथं आपल्या बाजूनं निकाल लागला आणि समोरच्याला तो रद्द करून घ्यायचा असला तर आधी पंच्याहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. बाबांच्या वेळी हे असतं तर! मॅडमचा मला पहिल्या अर्ध्या तासातला एक प्रश्न हा होता की तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, कधीची, कारण माल देऊन झाल्यावर केलेल्या नोंदणीवर समोरचा वाद घालतो. माझी होती, २०२० ची, बँकेनं मागितली म्हणून केलेली, मला तिचा दुसरा उपयोग माहीतच नव्हता.

पण कौन्सिलकडं लगेच जायचं नाही असं त्यांनी सुचवलं. तो रस्ता स्वस्त आहे, पण तक्रार टाकली की ती कंपनी आपल्याला व्हेंडर लिस्टमधून काढणार, आणि तुम्ही तर म्हणालात काम पण पाहिजे. म्हणून आधी एक पत्र गेलं. मी धमकीच्या नोटिशीची वाट बघत होतो, पत्र मात्र इतकं शांत होतं की मला वाचून थोडा रागच आला. त्यात तीनच गोष्टी होत्या. एक, बाकी एवढी आहे, लेजर म्हणजे खात्याचा उतारा जोडलाय, बरोबर असेल तर तसं लेखी कळवा. दोन, बिलाला एकशेऐंशी दिवस होऊन गेल्यावर पैसे दिले नसतील तर तुम्हाला घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे आमच्या बिलावरच्या जीएसटीची वजावट, व्याजासकट परत करावं लागतं. तीन, आयकर कायद्याच्या त्रेचाळीस-बी कलमात जी दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली तिच्याप्रमाणे आमच्यासारख्या युनिटचं पेमेंट मुदतीत केलं नाही तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षीच. मॅडम म्हणाल्या हे पत्र मालकांसाठी नाहीच, ते त्यांच्या सीएच्या टेबलावर जाणार, आणि सीए जे सांगेल ते तुम्ही आणि मी सांगून होणार नाही.

आणि पहिल्या मुद्द्यात पण अर्थ होता. उधारीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, मुदत संपायच्या आत समोरच्यानं बाकी आहे असं सही करून कबूल केलं तर ती तिथून परत नव्यानं मोजतात. आपण दर मार्चला बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे एवढी बाकी बरोबर आहे ना असं विचारणारा कागद, पाठवतो आणि सही करून परत आलं का बघतच नाही, तो साधा कागद काय असतो ते मला तेव्हा समजलं.

दहा दिवसांत त्यांच्या अकाउंट्समधनं फोन आला. बाकी कबूल, पण बासष्ट पीसचं काय.

तिथून मॅडमनी प्रकरण मध्यस्थीला नेलं. तीन लाखाच्या वरचा व्यापारी दावा असेल आणि तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते, २०२२ साली सुप्रीम कोर्टानं ते बंधनकारक आहे असं स्पष्ट सांगितलंय. अर्जाला हजार रुपये, मध्यस्थाची फी दोघांनी निम्मी निम्मी, तीन महिन्यांत उरकायचं, दोघं तयार असतील तर अजून दोन. तिथं जो लेखी समझोता होतो त्याला लवादाच्या निवाड्याचं वजन असतं, म्हणजे नंतर फिरला तर परत पहिल्यापासून दावा लढायची गरज नाही, सरळ वसुलीला जाता येतं. आणि मध्यस्थीत गेलेला वेळ मुदतीत धरत नाहीत. खोलीत एक लांब टेबल, कोल्हापूरहून आलेले दोघं, आम्ही दोघं, आणि मध्यस्थ म्हणून बसलेले एक वयस्कर वकील. सगळं मराठीत चाललं. समझोत्याचा मसुदा इंग्लिशमधे होता तो मॅडमनी एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली आणि मगच सही करायला दिली. हे मी मुद्दाम लिहितोय. आमच्या इथं खालच्या कोर्टातलं बरंच काम कन्नडमधे नाहीतर इंग्लिशमधे चालतं आणि किती मराठी माणसं न समजलेल्या कागदावर सही करून येतात, बाबांनी पण वकीलपत्रात काय लिहिलंय ते कधी वाचलं नव्हतं, आणि ते भाषेचं राजकारण जे काय असेल ते असो, आपल्या अशिलाला त्याच्या भाषेत कागद समजावून सांगणं ही वकिलाची फीमधली गोष्ट आहे असं मला वाटतं.

बासष्ट पीसचे साठ हजार वजा झाले. दहा लाख ऐंशी हजार, सहा हप्ते, एक लाख ऐंशीचे सहा पोस्ट-डेटेड चेक. मी व्याज सोडलं. सोडताना जड गेलं, खोलीबाहेर येऊन मॅडमना म्हटलं पण, की कायद्यानं तिप्पट व्याज आहे आणि आपण शून्य घेतोय. त्यांनी तो कोऱ्या कागदाचा हिशोब पिशवीतनं काढला, जपून ठेवलेला, आणि खालची ओळ दाखवली. सहा महिन्यांत दहा लाख.

त्या दिवशी घरी येताना काँग्रेस रोडनं आलो. १९२४ चं काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीत झालं, गांधीजी अध्यक्ष होते, त्यासाठी खणलेली विहीर अजून आहे, रोज दिसते म्हणून रोज बघत नाही. गांधीजी आफ्रिकेला गेले ते १८९३ साली एका व्यापाऱ्याच्या दाव्यासाठी गेले, दादा अब्दुल्लांचा चाळीस हजार पौंडांचा दावा, समोर तय्यब सेठ, दोघं नात्यातले आणि एकाच गावचे. तरुण वकील गांधींनी हिशोबाच्या वह्या वाचून काढल्या, बघितलं की आपली बाजू भक्कम आहे, आणि तरी दोघांना लवादाला तयार केलं, कारण वकिलांची बिलं दोघांना खाऊन टाकणार होती. लवादात दादा अब्दुल्ला जिंकले, सदतीस हजार पौंड आणि खर्च. इथपर्यंत कोणीही चांगला वकील करेल. पण एवढी रक्कम एकदम द्यायची तर तय्यब सेठचं दिवाळं निघालं असतं, तर यांनी स्वतःच्या अशिलाला समजावून लांब मुदतीचे हप्ते मान्य करून घेतले, आणि तेच त्यांना जास्त कठीण गेलं. शाळेत हे कधी वाचलं होतं तेव्हा काही वाटलं नव्हतं. हप्त्यांवर सही करून आल्यावर त्याच रस्त्यावर ते आठवलं आणि गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं थांबलो.

तिसरा चेक परत आला, खात्यात पैसे नाहीत म्हणून. माझ्या पोटात खड्डा पडला. मॅडम शांत होत्या, बँकेचा मेमो मागून घेतला, तीस दिवसांच्या आत एकशेअडतीसची, म्हणजे चेक न वटल्याबद्दलच्या कलमाची, नोटीस गेली, पैसे द्यायला त्यांना पंधरा दिवस, नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद. आणि फिर्याद बेळगावात, कारण चेक मी माझ्या इथल्या खात्यात भरलेला. हे पण दरवेळी असं नव्हतं, २०१४ साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की चेक देणाऱ्याची बँक जिथं तिथं फिर्याद करायची, तेव्हा सीमेवरच्या धंदेवाल्यांना कोल्हापूर, पुणे कुठं कुठं पळावं लागणार होतं, मग २०१५ ला कायदाच बदलला. नोटीस मिळाल्यावर बाराव्या दिवशी आरटीजीएस आलं. बाकीचे तीन चेक वेळेत पास झाले.

एकूण वकिलाची फी तीस हजार आणि नोटिशीचे तीन. दाव्याचा टप्पा आलाच नाही, त्याचे पैसे मागितले पण नाहीत.

मला माहीत आहे सगळ्यांचं असं होत नाही. समोरच्याची द्यायची ऐपतच नसेल किंवा दानत नसेल तर कोर्ट लागतंच, आणि तेव्हा लढणारा वकील पाहिजे. आम्ही सीमाभागातली माणसं, प्रलंबित दावा म्हणजे काय ते आम्हाला वेगळं सांगायला नको, सीमाप्रश्नावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आमच्या मुलांची लग्नं झाली तेवढ्यात. काही गोष्टी हप्त्यांनी सुटणाऱ्या नसतातच. पण एक लाख साठ हजारांची उधारी ही तशी गोष्ट नव्हती. बाबांचे वकील वाईट नव्हते, तारीख चुकवली नाही त्यांनी एकही, दावा जिंकून दिला. फक्त पहिल्या दिवशी, ती फर्म चालू होती, मशिनरी जागेवर होती, तेव्हा कोणी कोरा कागद घेऊन बसलं नाही. बाबांना तेव्हा एक लाख जरी मिळाले असते तर त्यांनी तिसरी लेथ घेतली असती, त्यांनी बघून ठेवलेली होती, पंजाबात बटालाला कोणाकडं तरी ऑर्डर देतो म्हणायचे.

आईला सगळं सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं वकिलाचं किती झालं. आकडा सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली त्यांना पण असं कोणीतरी भेटायला पाहिजे होतं.

त्याच कंपनीची नवी पर्चेस ऑर्डर मागच्या आठवड्यात आली. पहिल्यांदाच मी ती सही करायच्या आधी मॅडमकडं पाठवली, पंधराशे रुपये घेतले त्यांनी वाचायचे. दोन ओळींखाली लाल रेघ मारून आली, पेमेंट नव्वद दिवस आणि वाद झाल्यास कोल्हापूर न्यायालय. पहिली कायद्यात टिकत नाही, तरी पंचेचाळीस करून घ्या, आणि दुसरी काढायला सांगा असं बाजूला लिहिलंय. पर्चेसवाल्याला काल फोन केला, साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. पहिला लॉट तयार आहे, तेल लावून पेटीत बांधून ठेवलाय, गाडी अजून भरलेली नाही.